तिरफळ मांत्रिकाचा मुक्काम

भाईंदर पूर्व
१२ ऑक्टोबर २००३, रविवार

निकेतदादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, सहा पानं नुसता खेळ आणि सातव्या पानाच्या कोपऱ्यात "आईला सांग मी मजेत आहे." चौदा महिन्यांनी माणूस असं लिहितो का? लिफाफा आईने फोडला. पहिल्याच ओळीत "तिरफळ मांत्रिक विहिरीच्या कठड्यावर बसला होता" असं वाचलं आणि पानं माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे तुझं आहे, मला यातलं काय कळत नाही." मग आत जाऊन घासलेलीच भांडी परत घासत बसली. बाबांनी उठून टीव्ही लावला. तुझं नाव निघालं की ते अजून टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांचा नकार असताना तू आखातात गेलास ते गेलास, वर पत्रात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

आणि आता हा खेळ कुठून काढलास? पाच वर्षं झाली त्याला. शेजारच्या साहिलने त्या खेळाच्या इंग्लिश नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली होती, दोन रविवार खेळला आणि क्रिकेटला पळाला. राहिलो आपण दोघंच. तू सूत्रधार, गोष्ट सांगणारा, आणि मी एकटी खेळणारी. वीस बाजूंचा फासा अख्ख्या भाईंदरात मिळाला नाही म्हणून सोसायटीच्या हाउजीच्या डब्यातली एक ते वीस टोकनं आपण ढापली; न बघता एक काढायचं, आकडा मोठा आला की चाल जमली. माझ्या मांत्रिकाला नाव हवं होतं, आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकत होती, म्हणून तो तिरफळ. त्याचं घर आपण कॅलेंडरच्या मागे काढलं होतं. सगळीकडे चार-चार दिवसांच्या वाटेवर नुसती वाळू, मधे सात झाडं, एक विहीर, तीन दारांचं मातीचं घर आणि एक शेळी. तू त्याला मरुद्यान म्हणायचास, मी वाळवंटातलं हिरवं. सातातली सहा झाडं माडाची होती आणि एक फणस, कारण खजूर दोघांनीही फक्त पाकिटात पाहिलेला.

तर आता तू लिहितोस की माड चूक होते. ठीक आहे, तू वाळवंट बघितलंस, मोठा माणूस झालास, खजूर लाव. पण बाकीचं काय चाललंय? "पाण्याचा उंट मंगळवारी येतो, कधी येतच नाही." आणि आपली विहीर कुठे गेली? "मांत्रिकाच्या खोलीत नऊ शिष्य झोपतात, कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम बदलायची." अरे, तिरफळ एकटा राहतो, हा आपला पहिला नियम. आणि सगळ्यात कहर म्हणजे "तिरफळने पहिल्याच दिवशी आपली मुद्रा तांड्याच्या नाईकाला सांभाळायला दिली, ती नाईकाने पेटीत घालून कुलूप लावलं." मी कधी दिली? तिरफळ मी खेळते. माझ्या माणसाच्या चाली तू परस्पर खेळायच्या नाहीत. मला काही कळेना म्हणून मी ती पानं तीनदा वाचली, तरी कळलं नाही.

शेवटी तुझा प्रश्न. दिवाळी झाल्यावर एक तांडा नदीच्या शहराकडे जाणार, तिरफळने गुपचूप त्याच्याबरोबर जायचं की मरुद्यानात राहायचं? वाटेत राजाचे स्वार असतात, मुद्रेशिवाय सापडला तर अंधारकोठडी. शहरात पोचला तर गोष्ट सुफळ संपूर्ण. टोकन बारा किंवा वर आलं तर जायचं, खाली आलं तर राहायचं. "तूच काढ, नीट काढ, जो येईल तोच आकडा लिही," हे तू तीन वेळा लिहिलंयस. बाबांशी भांडतोस, पण मुलगा त्यांचाच शोभतोस. ते गावाला देवळात कौल लावल्याशिवाय, मूर्तीवरचं उजवं फूल आधी पडतं की डावं ते बघितल्याशिवाय, घराची पायरीसुद्धा दुरुस्त करत नाहीत.

तर काढलं. अकरा आला. एकाने हुकला बिचारा. तिरफळ कुठे जात नाही, आपल्या घरी राहतो.

मी नवघर रोडला हितेशभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात लागलेय, टायपिंगही करते. दुकानाचा पत्ता मागे लिहिलाय. पुढचं पत्र तिथे टाकलंस तर आईची भांडी तरी वाचतील.

समिधा


३० नोव्हेंबर २००३, रविवार

दादा,

तुझं दुसरं पत्र दुकानात आलं. हितेशभाईंनी स्टँपसाठी पाकीट मागितलं, त्यांच्या मुलाला गोळा करायचे असतात. दिलं.

यावेळी तू फारच कमी लिहिलंयस. "अकरा. बरं. तिरफळ राहिला. तांडा पहाटे गेला, सहा शिष्य त्याच्याबरोबर गेले. घर आता मोठं वाटतं." मला वाटलं होतं तू चिडवशील, निदान एका आकड्याने हुकल्याबद्दल दोन पानं रडशील. तू तर "बरं" म्हणून मोकळा.

आणि मग ते पायाचं. "तिरफळच्या डाव्या पायावर लोखंड पडलं. नाईकाच्या वैद्याने पट्टी बांधली आणि उद्यापासून कामाला ये म्हणाला." माझा पुन्हा गोंधळ झाला. मांत्रिकाच्या मुक्कामात लोखंड कुठून आलं? आणि मांत्रिक कसला कामाला जातो, तोही दुसऱ्याच्या? तो विहिरीवर बसतो, तारे बघतो, शेळीशी बोलतो, एवढंच त्याचं काम होतं. तू गोष्ट कुठल्या कुठे नेतोयस. पूर्वी तू इतका वाईट सूत्रधार नव्हतास.

तरी मी जखम भरण्याचा मंत्र टाकलाय. सतरा आला. हा अगदी खरा काढलाय, आई साक्षीला होती. म्हणजे पाय बरा झाला पाहिजे. पुढच्या पत्रात मला तिरफळ धावताना दिसू दे.

आईला मी सांगितलं की खेळातल्या मांत्रिकाचा पाय दुखावलाय. ती म्हणाली, "त्याला म्हणावं हळद लाव." मग थोडा वेळ कणीक मळत राहिली आणि म्हणाली, "निकेतला विचार, त्याचा पाय बरा आहे ना?" आईचं हे नेहमीचंच. तरी विचारते, तुझा पाय बरा आहे ना?

त्या दिवशी फोनवर तू धड बोललाच नाहीस. "मी मजेत, तुम्ही कसे, मी मजेत." मागून कुणीतरी "हो गया, हो गया, रख दे" करत होतं. दीड मिनिटात आईने नुसतं "जेवतोस ना" एवढंच तीनदा विचारलं. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "आवाज बसलेला वाटला." म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवून माणूस पलीकडून ऐकत होता. हे मी तुला सांगितलं असं त्यांना कधी कळू देऊ नकोस.

देवदिवाळीला ते गावाला जाऊन आले. तिथे देवाला काय गाऱ्हाणं घातलं ते आम्हाला सांगितलं नाही.

तुला एक विचारू? नदीच्या शहरात तिरफळ पोचला की गोष्ट संपणार होती ना? मग संपल्यावर तू मला काय लिहिलं असतंस? लिहिलं असतंस का? जाऊ दे. असंच विचारलं.

समिधा


१८ जानेवारी २००४, रविवार

दादा,

हे पत्र तुझ्यापर्यंत कसं पोचवायचं ते मला माहीत नाही. तुझ्या कामगारांच्या कॅम्पच्या पत्त्यावर टाकायचं नाही एवढं आता कळलंय. तरी लिहितेय. न लिहिता बसवत नाही.

परवा शुक्रवारी दुपारी दुकानात एक माणूस आला. उन्हाने करपलेला, अंगात कोरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. मला वाटलं झेरॉक्सला आला असेल. माझ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही समिधा काय? तो अकरा आकडा काढलेला, त्या तुम्हीच ना?"

तो राघो. राजापूरकडचा. तुझ्या खोलीत तुझ्या उजव्या हाताला झोपायचा म्हणाला. मी हितेशभाईंना म्हटलं, "भैया, दस मिनट," आणि आम्ही बाहेर रसाच्या गाडीजवळ उभे राहिलो. दहा मिनिटांचा तास झाला. तो सांगत होता आणि मी मधेमधे वेड्यासारखी विचारत होते, हे खरं की खेळातलं?

मुद्रा म्हणजे पासपोर्ट. हो म्हणाला, उतरलो त्याच दिवशी मुकादमाने सगळ्यांचे घेतले. पाण्याचा उंट म्हणजे टँकर. हो. नऊ शिष्य? "आम्हीच की, एका पत्र्याच्या खोलीत." नाईकाचा वैद्य? "तो वैद्य नाही, गाडीचा मेकॅनिक. पण ते पायाचं मला माहीत नाही बाई, मी निघालो तेव्हा निकेत चांगला चालत होता." आणि शेळी? शेळी होती की म्हणाला, कुणाची तरी चुकून आली होती, निकेत तिच्याशी मराठीत बोलायचा. पुढे मुकादमाने कापली.

मी हसले, दादा. शेळीचं ऐकून मी रस्त्यात उभी राहून हसले आणि मग रडायला लागले. राघोला बिचाऱ्याला काय करावं कळेना, त्याने रस मागवला.

मग मी विचारलं की सरळ का नाही लिहिलं. तो म्हणाला, कॅम्पमधे बबन नावाचा एक कारकून आहे, आपल्याच बाजूचा, मराठी वाचता येतं म्हणून येणारीजाणारी सगळी पत्रं मुकादम त्याच्याकडून वाचून घेतो. कुणी तक्रार लिहिली की पत्र फाडतात आणि लिहिणाऱ्याचं पाणी तोडतात. तुझी पत्रं वाचून बबन म्हणाला, हा मुलगा येडा आहे, राक्षसांच्या गोष्टी लिहितो, जाऊ द्या. त्या पत्रांतलं सगळं खरं होतं. एका येड्याला ते कळायला हवं होतं, आणि ती येडी इथे खजूर की माड यावर तुझ्याशी भांडत होती.

आता तांड्याचं. राघोने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "टँकरचा ड्रायव्हर भला माणूस. रिकामा टँकर शहराकडे नेताना सात माणसं आत बसवीन बोलला. शहरात आपला दूतावास आहे, तिथे पोचलं की कागद करून देतात, परत पाठवतात. वाटेत पोलिसांनी धरलं तर मात्र मेलो, पासपोर्ट नाही ना. निकेत बोलला, माझं काही ठरत नाही, मी घरी कौल लावलाय, उत्तर येऊ दे. तुमचं पत्र आलं. अकरा. मी त्याला बोललो, अरे, आकड्यावर काय जातोस, सातवी जागा तुझीच आहे. तर म्हणतो, आमच्यात कौल मोडत नाहीत. आम्ही सहा जण गेलो. वाटेत कुणी अडवलंसुद्धा नाही."

दादा, मी टोकन काढलंच नव्हतं.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. त्या दिवशी टोकनांचा डबा माळ्यावर होता, स्टूल कोण आणणार म्हणून मी डबा काढलासुद्धा नाही. नुसतं बसल्या जागी अकरा लिहिलं. बाराला एक कमी लिहिलं की तुला चुटपुट लागेल, म्हणून अकरा. आणि हेही पूर्ण खरं नाही. खरं हे, की तिरफळ शहरात पोचला असता तर खेळ संपला असता. तू चौदा महिन्यांनी लिहिलंस ते खेळासाठी लिहिलंस असं मला वाटलं होतं. खेळ संपला की पत्रं संपतील, म्हणून मी त्याला घरी ठेवला. त्याला म्हणजे तुला. इथे पंख्याखाली बसून मी उंटावरून शेळ्या हाकत होते आणि तू तिथे माझ्या शब्दावर थांबलास.

तुला राग आला तर येऊ दे. मला शिव्या घाल. पण त्या येऊन घाल.

राघोने तुझी चिठ्ठी दिली. ते निघाले त्या पहाटे तू लिहिलेली. "समू, ड्रायव्हर म्हणतो होळीच्या सुमारास पुन्हा अशी खेप होईल. तेव्हाचं आत्ताच काढून ठेव आणि कुणाच्या तरी हाती धाड. बारा किंवा वर आलं तर जाईन. माझं डोकं चालत नाही. तू काढशील ते खरं."

आता मी काय करू, सांग. काढलं आणि कमी आलं तर? न काढता वीस लिहिलं तर तेही खोटंच, आणि एकदा खोटं लिहून काय झालं ते दिसतंय. आणि वीस लिहिलं, तू निघालास, आणि वाटेत धरलं तर? मग ते कुणामुळे? राघो म्हणाला, "ताई, घरच्यांना सांगा." मी अजून सांगितलेलं नाही. आई काल विचारत होती, मांत्रिकाचा पाय कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे.

समिधा


१५ फेब्रुवारी २००४, रविवार

दादा,

धाकू म्हणून एक जण आहेत, रायगडचे, राघोच्या ओळखीचे. तुझ्या कॅम्पपासून दोन तासांवर काम करतात, सुट्टी संपवून गुरुवारी परत चाललेत. त्या टँकरच्या ड्रायव्हरला ते ओळखतात. हे पत्र आणि जानेवारीत लिहून ठेवलेलं पत्र त्यांच्याबरोबर देतेय, आमसुलांच्या पिशवीत खाली ठेवून. दोन्ही वाचून फाडून टाक. दूतावासाचा पत्ता आणि राघोने काढून दिलेला रस्ता वेगळ्या कागदावर आहे, तो मात्र फाडू नकोस.

आज सकाळी घरी सांगितलं. महिनाभर रोज ठरवत होते आणि रोज माझं तोंड उघडत नव्हतं. नाश्ता झाल्यावर बाबांसमोर तुझी पत्रं ठेवली आणि एकेक ओळ वाचून हे म्हणजे काय ते सांगत गेले. मांत्रिक, मुद्रा, उंट, लोखंड. आई मधेच उठून भिंतीला टेकून उभी राहिली. बाबांनी टीव्ही बंद केला. अकराचंही सांगितलं. मला वाटलं हात उगारतील. ते एवढंच म्हणाले, "मला आधी का नाही दाखवलंस ही पत्रं?" मग स्वतःच म्हणाले, "मी बघितली नसती."

दूतावासाला आणि मंत्रालयात अर्ज करायचं ठरलं. मी टाइप करून ठेवलेत, उद्या बाबा दूतावासाचा पोस्टात टाकून मंत्रालयातला स्वतः नेऊन देणार आहेत. पण त्याचं उत्तर होळीच्या आत येईल असं कुणालाच वाटत नाही. तेव्हा टँकरचा प्रश्न राहिलाच.

बाबांनी विचारलं, "आकडा कसा काढतात?" मी दाखवलं. ते आंघोळ करून आले, देवाजवळ दिवा लावला, टोकनं तांब्याच्या तपेलीत घातली. तुला हसू येईल, हाउजीची टोकनं देवासमोर. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, आपल्या गावच्या देवाला, पूर्वजांना, आणि शेवटी थोडं अडखळून म्हणाले, "आणि जो कोण तिरफळ असेल त्यालाही." मग मला म्हणाले, "काढ. बघू नकोस आत." मी डोळे मिटून काढलं.

तीन आला.

दादा, यावेळी मी खोटं लिहीत नाही. तीन आला. आईने पदर तोंडाला लावला. मी बाबांकडे बघत होते, कारण मला माहीत आहे, आणि तुलाही माहीत आहे, की या माणसाने जन्मात कौल मोडलेला नाही. आत्याला चालून आलेलं ठाण्याचं स्थळ डावं फूल पडलं म्हणून त्यांनी परत पाठवलं होतं आणि आत्या त्यांच्याशी चार वर्षं बोलली नव्हती. ते टोकन हातात घेऊन बसले. किती वेळ ते माहीत नाही, शेजारच्या विमलाबाई विरजण मागायला येऊन परत गेल्या.

मग म्हणाले, "लिही त्याला."

"काय लिहू?"

"तीन आला ते लिही. आता त्याला काही लपवायचं नाही. आणि लिही, ये."

मी म्हटलं, "बाबा, कौल नाही म्हणतोय. वाटेत धरलं तर?"

"धरलं तर मी आहे. विकीन, भांडीन, काय वाटेल ते करीन. पण तिथे पाय सडवत बसलाय तो. कौल मी मोडतोय, तो नाही. देवाला जे काही बोलायचं असेल ते मला बोलेल. गावी जाऊन त्याच्यापुढे मी उभा राहीन."

आई म्हणाली, "त्याच्या पायाचं विचार आधी." बाबा म्हणाले, "आला की बघू पाय."

मी अजून गोंधळलेलीच आहे, दादा. बरोबर काय ते मला कळत नाही. एकदा मी तुला थांब म्हटलं ते चुकलं, आता आम्ही ये म्हणतोय ते चुकणार नाही कशावरून? पण आकड्यामागे लपायचं नाही एवढं मी ठरवलंय. ये, असं मी म्हणतेय, मी समिधा, टोकनाशिवाय. येऊन माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पत्र लिहू नकोस. पण ये.

खाली बाबांनी स्वतः लिहिलंय. मी वाचलं नाही, पान दुमडून दिलं त्यांनी.

समू


निकेत,

तू निघालास त्या दिवशी चप्पल घालून दारात उभा राहिलास आणि "येतो" म्हणालास. आपल्यात माणूस येतो म्हणाला की मोठ्याने "ये" म्हणायचं असतं. मी पेपर वाचत बसलो. तू थोडा वेळ थांबलास तेही मला कळलं होतं. तुझी आई बोलली असेल, पण माझं राहिलं.

दीड वर्ष झालं. आता म्हणतो.

ये.

बाबा